जवळून ऐकणं

टार्तूमधला स्टुडिओ बंद झाला तेव्हा
राइवोने विकायला काढले हे दोन मॉनिटर.
काळे, बोजड, एकाच्या कोपऱ्याचा टवका उडालेला.
पैसे मोजून घेताना म्हणाला,
"घरात नसतात ठेवायचे हे, हेल्डुर.
हे कौतुक करत नाहीत कुणाचं."

विल्यांदीपर्यंतच्या बसमध्ये
एक मांडीवर, एक पायाशी.
वाहकाने तिकीट किती जणांचं, असं विचारलं.

लूलेने दार उघडलं. "आणि ॲम्प्लिफायर?"
पोटातच असतो यांच्या, मी म्हटलं,
वरच्या सुरांना वेगळा, खर्जाला वेगळा.
"म्हणजे पोटात एक आणि ओठांत एक."
नाही गं. जे पोटात तेच ओठांत,
म्हणून तर आणले.
ती हसली नाही. तिने जिरेनियमची कुंडी उचलली
आणि खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

मग दोन दिवस मोजपट्टी घेऊन मी गुडघ्यांवर.
भिंतीपासून दोन वीत पुढे,
खाली विटा, विटांखाली जुन्या स्वेटरचे तुकडे,
कानाच्या रेषेत त्यांचे छोटे घुमट.
एक इथे, एक तिथे, तिसरा कोन मी.
दोन्ही पाठींवरची बटणं सारखी व्हायला
संध्याकाळ गेली.
काही न लावताही ते बारीक फुसफुसतात,
झोपलेल्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

पहिला आठवडा वाईट गेला.
तरुणपणी जिच्यावर जीव टाकला त्या गायिकेला
त्या दिवशी सर्दी झाली होती,
आणि हे चाळीस वर्षं कुणी मला सांगितलं नव्हतं.
जुने स्पीकर भिडस्त होते,
सगळ्यांना सांभाळून घ्यायचे.

रविवारी मी ती टेप काढली.
चौऱ्याऐंशी साल. सारेमा बेटावरचं आईचं स्वयंपाकघर.
तानेलचा अकॉर्डियन, माझे दोन मायक्रोफोन,
आणि माझा हेडफोन, ज्याचा डावा कान मेलेला होता.
रेडिओच्या स्पर्धेला पाठवली होती.
परत आली, सोबत चिठ्ठी:
तिसऱ्या आवर्तनात ताल सुटला आहे.
मी त्याला म्हणालो होतो, तुझा अंगठा आपटला भात्यावर.
त्याच हिवाळ्यात त्याने अकॉर्डियन विकला.
आम्ही भांडलो नाही. नाताळला कार्ड पाठवतो.

पहिलं आवर्तन. चुलीवर किटली आहे, हेही ऐकू येतं.
दुसरं. तानेल मधोमध बसलाय,
अगदी कुंडी होती तिथे.
तिसऱ्यात
डावीकडून, खूप डावीकडून,
स्टुलाची कुरकुर,
आणि लाकडी जमिनीवर टाच: टक.
मग मधोमध अर्धा श्वास थांबलेला.
मग पुन्हा सूर, किंचित मागे राहिलेला.

मागे घेतलं. टक.
पुन्हा मागे घेतलं.
डावीकडे, दाराजवळच्या स्टुलावर कोण बसलं होतं
हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

लूले दारात उभी होती, हाताला पीठ.
"कुणी ठोठावलं का?"

कुरेसारेला फोन लावला.
मागे कुणीतरी होडीचं लाकूड घासत होतं, ते थांबलं.
मी सांगितलं, सगळं, आवर्तन कितवं ते, बाजू कुठली ती.
"ठाऊक आहे," तानेल म्हणाला. "तेव्हाच ऐकलं होतं मी."
मग बोलला का नाहीस?
"बोललो होतो.
तुझ्या कानांवर हेडफोन होता."

खोलीत नुसती ती दोघांची फुसफुस.
मी उठून ते बंद करायला हवे होते, नाही केले.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
स्पीकर केवढ्याला मिळाले.
मी आकडा सांगितला.
"महागात पडले," तो म्हणाला,
आणि पलीकडे लाकूड घासायचा आवाज
पुन्हा सुरू झाला.